वडसा की देसाईगंज?

(पहाटेचे साडेचार. धानकापणी झालेल्या शेतात मंडप. पडदा पडतोय, लोक चादरी झटकत उठताहेत.)

रात्री दहाला सुरू झालेलं नाटक आत्ता कुठे संपलं. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होती. पटाला आलेले पाहुणे रात्री नाटकाला थांबले. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, दिवाळी ते होळी हे असंच चालतं.

या नाटकांच्या धंद्याची पेठ वडसा, गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव. रस्त्याला लागून नाटक मंडळ्यांची ऑफिसं, बाहेर नटनट्यांचे फ्लेक्स. गावची मंडळी यायची, चार ऑफिसं फिरायची, चहा व्हायचा, तारीख ठरायची. ज्याचा फोटो मोठा, तो कलावंत मोठा. ही जाहिरात फ्लेक्सवरून मोबाइलवर कशी आली, ते बघू.

(जुन्या संगणकाचा पडदा.)

१९८९मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडायची, एवढीच गरज होती. १९९३च्या एप्रिलमध्ये सर्नने ते तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५पासून, तेही मोजक्या महानगरांत.

ते वेब वडशातल्या फ्लेक्ससारखंच होतं. एकाने लावायचं, बाकीच्यांनी बघायचं. मराठी पानांचे हाल तर विचारू नका. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आपल्याकडे तो नसला की अक्षरांऐवजी नुसता गोंधळ. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी अक्षरांची एकच पद्धत, रुळलं, तेव्हा कुठे मराठी शब्द मराठीत शोधता यायला लागला. मग २००४चं फेसबुक, २००५चं यूट्यूब. आता प्रेक्षकातला माणूसही उठून बोलू लागला.

झाडीपट्टीत हे सगळं खऱ्या अर्थाने पोचलं २०१६नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. तेही थेट मोबाइलवर. वेबसाइट, ईमेल हे मधले टप्पे इथल्या बहुतेकांनी पाहिलेच नाहीत.

(मेकअपच्या खोलीत मोबाइलवर व्हिडिओ काढणारी नटी.)

आता ऑर्गनवाला आपली दोन मिनिटांची पेटी टाकतो, विनोदी नट आपला एक प्रवेश. अख्खं नाटक टाकू नये, असं आमचं मत. शेवटचा अंक मंडपातच बघू द्यावा. तिकीट त्याचंच असतं. पण तुकडा टाकताना लोक एक गोष्ट विसरतात. व्हिडिओ हजारोंनी बघितला, छान. खाली गावाचं नाव नाही, नाटकाचं नाव नाही, फोन नंबर नाही. उद्या एखाद्या मंडळाला तोच नट हवा असेल, तर त्यांनी शोधायचा कसा?

त्यात आमच्या गावाची आणखी एक गंमत. रेल्वे स्टेशनवर पाटी ‘वडसा’, सरकारी कागदावर ‘देसाईगंज’. लोक दोन्ही म्हणतात. पोस्टमध्ये एकच नाव लिहिलं, की दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागण्याचा भरवसा नाही. तेव्हा दोन्ही लिहा. सोबत ‘झाडीपट्टी नाटक’ हे शब्द, आणि आपलं काम नेमकं काय, तेही. नट, तबला, नेपथ्य, जे असेल ते. व्हॉट्सअॅपचं स्टेटस चोवीस तासांत विरतं. यूट्यूबवरचं पुढच्या हंगामालाही सापडतं.

झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचून पुण्या-मुंबईच्या कुणी ‘झाडीपट्टी’ शोधलंच, तर त्याला काय सापडावं, हे आता इथल्या पोरापोरींच्या हातात आहे.

(ऑफिस. फोन वाजतो.)

“आमच्या गावाले नाटक पायजे जी. तो मोबाइलमंदी हासवते ना, तोच माणूस पायजे. तारीख खाली हाय का?”

मालक मोबाइल कानाला लावून टेबलाखालची जाडजूड डायरी काढतो. थुंकी लावून पान उलटतो.

“पटाच्या दिवशी नाही जी. दुसऱ्या दिवशी चालन का?”