मोदक नावाचा फॉन्ट आणि आजींचा तवा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय एका गुबगुबीत फॉन्टबद्दल, नाव त्याचं मोदक. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलाय, देवनागरी काढलंय सारंग कुलकर्णींनी आणि इंग्रजी अक्षरं मैथिली शिंगरेंनी. आधी हाताने स्केच केलेली अक्षरं, ती फुगवत फुगवत इतकी जाड केलीत की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा अगदी केसाएवढी उरलीये. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. पण एक लक्षात ठेवा हं, थोडे शब्द आणि मोठी साइज!

हे मी एवढं का सांगतेय, तर आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीतली गोष्ट ऐका. गणपतीचा बॅनर करायचा होता, माझ्या भाच्याने मोठ्या हौसेने मोदक वापरला, वरती गणेशोत्सव असं हे एवढं मोठं, इतकं गोड दिसत होतं की लहान पोरं त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. पण खाली सगळा कार्यक्रमही त्याच फॉन्टमध्ये, बारीक साइजमध्ये टाकला. त्यात एक ओळ होती, धावणे स्पर्धा, रविवार, सकाळी ८. आता ध आणि घ मध्ये फरक केवढा, ध ची डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ, बास. बारीक साइजमध्ये ती फट पार बुजली.

रविवारी पोरं बूट घालून कंपाउंडमध्ये हजर, शिट्टी वाजणार तेवढ्यात लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या आजी आल्या, एका हातात बिडाचा तवा, दुसऱ्या हातात पिठाचं पातेलं आणि मागे नातू शेगडी घेऊन! भाचा म्हणाला, आजी, हे काय? तर म्हणतात कशा, "अरे झिला, थंय घावणेच लिवलेले हत मा?" सगळे बॅनरकडे बघतोय, आणि खरंच, घावणेच दिसत होतं! मग काय, शर्यत झाली आणि शेजारीच शेगडी पेटली, धावून आलेल्या प्रत्येक पोराला गरम घावन मिळालं, तांदळाच्या पिठाचं, जाळीदार, सोबत नारळाचा गोड रस. आणि घावनाबरोबर रसच हवा, चटणी लावून ती मजा नाही, हे माझं ठाम मत आहे.

तर पुन्हा सांगते, थोडे शब्द, मोठी साइज. दुकानाची पाटी, वाढदिवसाचा केक, मुलांच्या पुस्तकाचं कव्हर, मिठाईचा बॉक्स, इथे मोदक शोभतो. पत्ता, वेळ, फोन नंबर यांना मुक्ता फॉन्ट घ्या, तोही ‘एक टाइप’चाच, त्यात बारीक ते जाड ७ वजनं मिळतात. गोलमटोलच हवा पण वाचताही आला पाहिजे तर बलू २ बघा. आणि आमच्या लहानपणी नौपाड्यात पेंटर ब्रशने पाट्या रंगवायचे ना, ते प्रत्येक अक्षर जागा बघून जाड-बारीक करायचे, ती नजर आता आपल्याला ठेवायला हवी.

गणपती जवळ आलेत, बॅनर छापायला द्यायच्या आधी एक प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा, दहा पावलं मागे जा आणि घरातल्या आजींना मोठ्याने वाचायला सांगा.