पाण्यातून कातलेला धागा

[दृश्य: आंबोली, पावसानंतरचं जंगल]

आंबोलीत पावसाचा जोर ओसरला, की वाटेच्या दोन्ही अंगांना कोळ्यांची अशी जाळी दिसू लागतात. मधोमध बसलेली ही जायंट वूड स्पायडरची मादी, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. आणि तिच्या वरच्या बाजूला दिसतोय तो इवलासा जीव, तो तिचा नर. जाळ्याचा सोनेरी रंग उन्हाचा नाही, धाग्याचाच आहे.

[दृश्य: मागचा पाय, जवळून]

तिचा मागचा पाय बघा. धागा आतून ढकलला जात नाही, बाहेरून ओढला जातो. पोटातल्या ग्रंथीत तो अजून धागा नसतोच. तिथे असतं प्रथिनाचं दाट, पाण्यातलं द्रावण. ग्रंथीतून निघणारी नळी वळणं घेत निमुळती होत जाते. या वाटेत द्रावणातलं पाणी आणि मीठ शोषलं जातं, आम्लता वाढते, आणि ओढ बसली की प्रथिनाच्या साखळ्या एका दिशेला सरळ होतात. ॲलानीन या प्रथिन-घटकाने भरलेले त्यांचे भाग एकमेकांवर रचले जाऊन काही नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. मधले ग्लायसीन या दुसऱ्या घटकाचे भाग सैलच राहतात. स्फटिकांमुळे धागा मजबूत होतो, सैल भागांमुळे तो तुटण्याआधी ताणला जातो.

आणि हे सगळं याच हवेत, याच तापमानात. ना भट्टी, ना विषारी द्रावक. कोळ्यांचा धागा पोलादाशी तोलणारे खूप भेटतात. हे कातणं मात्र कुणी सांगत नाही. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी धागा वेगवेगळ्या वेगाने ओढून पाहिला. वेग वाढवला की तो ताठर झाला, कमी ताणला गेला. प्रथिन तेच, धागा वेगळा.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली धागा, पाण्याचा थेंब]

आता प्रयोगशाळेत. धाग्याचं एक टोक मोकळं ठेवलंय. थेंब पडला... आणि धागा आखडला. पुन्हा पाहू, सावकाश.

कातताना सरळ ताणलेल्या साखळ्या सुकल्यावर तशाच अडकून राहिल्या होत्या, हायड्रोजन बंध या नाजूक रासायनिक दुव्यांनी धरून. पाण्याने ते बंध सोडवले. सैल भाग पुन्हा गुंडाळले गेले, धागा जाड आणि रबरासारखा झाला. याला सुपरकॉन्ट्रॅक्शन म्हणतात. काही जातींत धागा निम्म्यापर्यंत आखडतो. स्फटिक मात्र शाबूत राहतात. म्हणूनच माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात आखडलेला धागा ओला असतानाच हवा तेवढा ताणून सुकवला, तेव्हा त्याचा ताठरपणा ठरवून मिळवता आला. त्यासाठी पाणी आणि ताण, एवढंच पुरलं.

[दृश्य: येवला, रेशमाच्या लडी]

पैठणीचं रेशीम आधी सोड्याच्या पाण्यात उकळावं लागतं, कारण तुतीच्या कोषातल्या तंतूवर सेरिसिनचा डिंक असतो. उकळणं लांबलं तर डिंकाबरोबर आतल्या प्रथिनाच्या साखळ्याही तुटतात आणि रेशीम कमकुवत होतं. कोळ्याच्या या धाग्यावर सेरिसिन नाहीच, तेव्हा त्याला ही उकळी कशासाठी द्यायची?

[दृश्य: काचेचं भांडं, सुईतून सुटणारा कृत्रिम धागा]

जिवाणूंकडून बनवून घेतलेलं कोळ्याचं प्रथिन बऱ्याचदा असं मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलमध्ये सोडतात. त्याने स्फटिक वाढतात, धागा पाण्यात विरघळत नाही. पण तो ठिसूळ होतो. ताणल्यावर थोडा सुधारतो. जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेने 2009 मध्ये खऱ्या धाग्यात वाफेवाटे जस्त, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम शिरवलं, आणि त्याचा चिवटपणा कित्येक पटींनी वाढला. कौतुकास्पद आहे. पण स्वीडनमध्ये 2017 साली जे झालं, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटतं: प्रथिनाचं पाण्यातलं द्रावण, फक्त आम्लता बदलून, निमुळत्या काचनळीतून कातलं गेलं. किलोमीटरभर धागा निघाला. ताकदीत तो या मादीच्या धाग्यापेक्षा कमी आहे, पण वाट तिचीच आहे.

[दृश्य: शस्त्रक्रियेचं जुनं चित्रीकरण]

कोळ्याचा धागा शस्त्रक्रियेतही वापरून पाहिला गेला. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने मेंढीच्या पायातल्या मज्जातंतूतली 6 सेंटीमीटरची फट कोळ्याच्या धाग्यांनी भरलेल्या रक्तवाहिनीने जोडली. मज्जातंतू वाढत पलीकडे पोहोचला. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.