‘आता आलं का?’ : सभागृहातल्या यंत्रांची गोष्ट

मंडळी, नमस्कार. माझी ओळख करून देण्याआधी या स्टेजवर काय चाललं होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. एकानं माईकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ केलं. माझा लॅपटॉप जोडला तर पडदा निळाशार आणि कोपऱ्यात ‘नो सिग्नल’. मग वायर काढून परत खुपसली. मागून आवाज आला, ‘आता आलं का?’ इकडून उत्तर गेलं, ‘नाही आलं.’ ‘आता?’ ‘आलं, आलं! आता हात नका लावू कुणी!’

सभागृहं आणि मीटिंगच्या खोल्या उभ्या करण्यातच माझा जन्म गेला, आणि हा संवाद मी किती वेळा ऐकलाय याची मोजदाद नाही. आवाज आणि चित्र इथून तिथे नेणं हे तुलनेनं सोपं काम. खरी डोकेफोड पुढे आहे. सांगितलेलं काम झालं की नाही, हे कळणार कसं? आमच्या धंद्यातले मला आवडणारे शोध सगळे या एका प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून आज तेवढेच सांगतो.

सुरुवात घरातल्या रिमोटपासून करू. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी टीव्हीसाठी वायर नसलेला रिमोट काढला. पिस्तुलाच्या आकाराचा टॉर्चच होता तो. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले, ज्या कोपऱ्यावर झोत मारला ते काम व्हायचं. पण खिडकीतून उन्हाची तिरीप आली की टीव्ही आपल्या मनानं चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनी धरला. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा सूर निघायचा. त्यात बॅटरीच नव्हती. का, तर विक्री खात्याची भीती : बॅटरी संपली की गिऱ्हाईक म्हणणार, टीव्ही बिघडला!

घरात या रिमोटला एक सोय होती. टीव्ही डोळ्यांसमोर असायचा. एकाच बटणानं चालू आणि त्याच बटणानं बंद, याला आम्ही टॉगल म्हणतो. यंत्र सध्या चालू आहे की बंद, हे रिमोटला ठाऊक नसतं, ते तुमचे डोळे बघतात. आता हाच प्रकार सभागृहात आणा. प्रोजेक्टर छताला, यंत्रणा मागच्या कपाटात, आणि दिवा तापायला मिनिटभर लागणार. साहेब बटण दाबतात, काही दिसत नाही. साहेब परत दाबतात. संपलं!

मी अगदी नवा होतो तेव्हा एका सभागृहात दोन पडदे, दोन प्रोजेक्टर आणि टॉगलचं एकच बटण अशी व्यवस्था केली होती. उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी हातातल्या रिमोटनं एक प्रोजेक्टर आधीच लावून ठेवला. मी बटण दाबलं : डावा लागला, उजवा विझला. पुन्हा दाबलं : उजवा लागला, डावा विझला. पाहुणे माना फिरवतायत, टेनिसचा सामना चालल्यासारख्या. शेवटी शिडी आणावी लागली. भर कार्यक्रमात, दीपप्रज्वलनाच्या समईशेजारी ॲल्युमिनियमची शिडी!

यावरचा उपाय ऐकायला अगदी बाळबोध आहे. चालूची आज्ञा वेगळी ठेवा, बंदची वेगळी ठेवा, आणि यंत्राला विचारता येऊ द्या की बाबा, तू सध्या कसा आहेस? जपानी उत्पादकांच्या संघटनेनं प्रोजेक्टरसाठी पीजेलिंक नावाची एक सामाईक बोली ठरवली. नेटवर्कवरून विचारायचं, ‘पॉवर?’ आणि प्रोजेक्टर एका आकड्यात उत्तर देतो. ० म्हणजे झोपलाय, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे तापतोय. या चार आकड्यांमधले २ आणि ३ बघा. ज्यानं ते घातले त्यानं नक्की कधीतरी शिडी चढली असणार. ‘तापतोय’ एवढं कळलं, की टेबलावरच्या टचस्क्रीनला बटण तात्पुरतं गोठवून ‘जरा थांबा’ असं लिहिता येतं. कंट्रोल सिस्टीम म्हणून जी महागडी गोष्ट विकली जाते, तिच्या पोटात बरंचसं हेच असतं : विचार, उत्तर ऐक, मग पुढची आज्ञा दे.

आता मघाच्या निळ्या पडद्याकडे या. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडले की चित्राच्या आधी त्यांची पत्रिका जुळवली जाते. १९९४ साली ठरलेल्या रीतीप्रमाणे पडदा आपली एक कुंडली जवळ बाळगतो. मूळ कुंडली फक्त १२८ बाइटची : मी अमुक कंपनीचा, इतका रुंद, इतका उंच, मला अमुक आकाराचं चित्र चालतं. तिला ईडीआयडी म्हणतात. लॅपटॉप ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. जुन्या पंधरा पिनांच्या व्हीजीए वायरमध्ये हे बोलणं १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून चालायचं. स्वस्तातली वायर बनवणारे नेमक्या त्याच पिना गाळायचे, कारण चित्राला त्या लागत नाहीत. वायर दिसायला धडधाकट, आणि लॅपटॉप बिचारा मुक्या स्थळाशी बोलत बसलेला. मध्ये स्विच किंवा स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक पडद्यांना वाटणारा डबा, आला की तोच घोळ. म्हणून या मधल्या डब्यांना पडद्याची कुंडली पाठ करून ठेवायला शिकवलं गेलं. पडदा बंद असला तरी मध्यस्थ उत्तर देतो. लग्न जुळवणाऱ्या मावशींचंच काम ते.

चित्राबद्दल इतकं पुरे, माझा जीव आवाजात आहे.

या टेबलावर चार माईक आहेत. बोलतोय मी एकटा, चालू आहेत चारही. भाऊ, जरा ते तिघांचे बंद करा. हां. आता माझा आवाज थोडा वाढवा, वाढवा अजून. बघा, मघाशी इतक्यावर शिट्टी मारत होता, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकात शिरून किंचाळत होता. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची मोकळीक ३ डेसिबलनं कमी होते. चार माईक उघडे म्हणजे ६ डेसिबल गेले, आठ म्हणजे ९. चांगला साउंडवाला म्हणून बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर, ठेवून बसतो. जो बोलेल त्याचा वर, बाकीचे खाली. पण आठ जण वादाला बसले तर बोटं पुरतात कुठे?

पहिला यांत्रिक उपाय होता गेटचा. ठरावीक पातळीच्या वर आवाज गेला की माईक उघडणार, नाहीतर बंद. पण गेट उघडेपर्यंत पहिलं अक्षर गेलेलं असतं. ‘नमस्कार’मधला ‘न’ गिळला जातो, आणि हळू बोलणाऱ्या आजींचं तर दारच उघडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला डॅन डुगन नावाचे नाटकाचे ध्वनिसंकल्पक होते. रंगमंचावर माईक अनेक, नट कुठून कधी बोलतील त्याचा नेम नाही. १९७० च्या दशकात प्रयोग करता करता त्यांना जे सापडलं ते इतकं साधं आहे की मला आजही हेवा वाटतो. माईक उघडायचा की बंद करायचा, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी वाटणी केली. सगळ्या माईकांत मिळून जो आवाज येतोय, त्यात तुझा हिस्सा किती? तेवढीच तुझी पातळी. सगळ्या हिश्शांची बेरीज कायम एक. एकटाच बोलला तर जवळपास सगळा हिस्सा त्याचा. दोघे सारखेच बोलले तर दोघेही ३ डेसिबल खाली. सगळे गप्प बसले तर सगळ्यांना समान वाटा. दार नाहीच, त्यामुळे पहिलं अक्षर अडकायला जागाही नाही. एकत्र कुटुंबात भाकरी वाटावी तसं हे गणित आहे, फक्त भूक आवाजावरून मोजायची. पेटंट मिळालं १९७६ साली. आता त्याची मुदत संपलीय आणि ही कल्पना बड्या मिक्सरांमध्ये आयती बसवून येते. डेमो बघून लोक विचारतात, ‘यानं नेमकं केलं काय?’ काही केल्याचं जाणवलंच नाही, यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या धंद्यात मिळत नाही.

आणि आता प्रतिध्वनी. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं परदेशात असतील. व्हिडिओ कॉलवर कधीकधी आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. मग आपण काय करतो? आपलाच स्पीकर, आपलाच माईक चिवडत बसतो. पण दोष तिकडचा असतो! तुमचा आवाज तिकडच्या स्पीकरमधून निघतो, तिकडच्याच माईकमध्ये शिरतो आणि परत येतो. ज्याच्या घरी बिघाड, त्याला तो ऐकूच येत नाही. पुन्हा तोच ‘आता आलं का?’चा खेळ.

हा प्रश्न उपग्रहावरच्या टेलिफोननं पुढे आणला. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर वर. बोलणं पोचायला पाव सेकंद, प्रतिध्वनी परतायला अर्धा सेकंद. स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदानं कानावर पडला की बोलणारा अडखळतो. आपल्याकडे नारायणगावजवळ आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह भूकेंद्र झालं, तिथून जाणाऱ्या कॉलनाही हे अंतर चुकलं नव्हतं. जुना तोडगा असा की एक बोलत असताना दुसऱ्याची वाट कापायची. त्यात मध्ये ‘हो ना’ म्हणायचीही सोय नाही.

अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत जॉन केली आणि मनमोहन सोंधी यांनी वेगळा मार्ग धरला. सोंधी आपल्याकडचे, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्यांचा निबंध १९६७ चा. आवाज अडवायचा नाही, वजा करायचा. पाठवलेला आवाज यंत्राला ठाऊक आहे. तो परत कसा येईल याचा यंत्र अंदाज बांधतं आणि माईकमध्ये आलेल्या आवाजातून ती प्रतिकृती वजा करतं. जी बाकी उरते ती चूक. चूक बघून अंदाज सुधारायचा आणि पुन्हा वजाबाकी, अखंड.

मीटिंगच्या खोलीत हे फार अवघड जातं, कारण खोली स्थिर नसते. दार उघडलं, कुणी उठून चहा घ्यायला गेलं, की आवाजाची वाट बदलते आणि यंत्राला परत शिकावं लागतं. दोन्हीकडचे एकदम बोलले तर शिकणं थांबवावं लागतं, नाहीतर ते समोरच्या माणसालाच प्रतिध्वनी समजून पुसायला निघतं. आणि हिशेब बघा. आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने, पाव सेकंदाची आठवण म्हणजे ४,००० गुणक, दर नमुन्याला तितके गुणाकार. नुसत्या अंदाजालाच सेकंदाला ६ कोटी ४० लाख गुणाकार. कागदावर तयार असलेली युक्ती खोलीतल्या टेबलावर यायला स्वस्त चिपची वाट बघावी लागली, ती यामुळे.

अजून नेटवर्कवरच्या आवाजाबद्दल बोलायचं होतं, पण समोरून वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. यावरून एक आठवलं. १९४५ साली नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांत एकाच वेळी अनुवाद चालायचा. हेडफोनशेजारी चॅनल निवडायची तबकडी होती. आणि बोलणाऱ्यासमोर दोन दिवे. अनुवादकाला वेग झेपेना की पिवळा लागायचा : सावकाश. लाल लागला की थांबायचं. सगळी यंत्रणा माणसांचं ऐकत होती, आणि हे दोन दिवे बोलणाऱ्याला यंत्रणेचं ऐकायला लावत होते.

माझी ही दुसरी चिठ्ठी आहे. पहिली मी टेबलावर उलटी ठेवली होती. तेव्हा थांबतो. ते तिघांचे माईक आता चालू करा, प्रश्न असतील त्यांच्यासाठी.