गुरुवारची मीटिंग आणि आठवा सर्व्हर

(ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आयोजक मंडळी आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालची जागा सोडून पुढे येऊन बसलेले श्रोतेहो, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'सॉफ्टवेअर उद्योगातील लीन विचार आणि सातत्यपूर्ण सुधारणा'. लीन म्हणजे वाया जाणारं कमी करत काम करणं. हे बारसं आयोजकांनी केलं. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की कामं का अडकतात यावर बोलेन. पण छापलंच आहे तर तेही सांगतो, शेवटी. घड्याळाकडे बघायचं काम अध्यक्षांचं.

समोर निम्मी मंडळी वागळे इस्टेटमधून नाहीतर ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली दिसतायत. उरलेली त्यांची मुलं-सुना, म्हणजे रोज ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कात जाणारी. गंमत अशी की वडिलांनी जे क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे कामगारांच्या सुधारणा शोधणाऱ्या गटात केलं, तेच मुलांना आज हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, जेवणासकट. घरी फुकटात शिकता आलं असतं. पण घरी जेवताना दोघंही मोबाइलमध्ये.

मी ऑपरेशन्सचा माणूस. कोड लिहिणारे लिहून घरी जातात आणि तो रात्री पडला की ज्याला फोन येतो, तो मी. अशीच एका विमा कंपनीची गोष्ट. नाव विचारू नका, अजून पॉलिसी आहे तिथे. हप्ता भरल्यावर ईमेलने पावती जाते, तिच्याखाली हेल्पलाइनचा नंबर असतो. नवी पावती तयार झाली, तिच्यात त्या नंबरातला एक आकडा चुकला. आणि तो चुकलेला नंबर मुलुंडच्या एका दाताच्या दवाखान्याचा निघाला.

दवाखान्यात फोन सुरू झाले. पॉलिसी लॅप्स झाली का, नॉमिनी बदलायचाय, पावतीवर माझं आडनाव चुकलंय. रिसेप्शनवरच्या बाई सुरुवातीला 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायच्या. मग त्यांनी खरा नंबर शोधून लोकांना द्यायला सुरुवात केली. पुढे पुढे सोप्या प्रश्नांची उत्तरं त्याच देऊ लागल्या. आमच्या कॉल सेंटरपेक्षा बरी सेवा होती, कारण 'मराठीसाठी दोन दाबा' नव्हतं. (हशा) शेवटी डॉक्टरांनी कंपनीला ईमेल केलं, फारच सभ्य ईमेल, आणि आमच्याकडे टिकेट उघडलं, म्हणजे तक्रारीची नोंद झाली. आमच्या टीममधल्या मुलीने दहा मिनिटांत आकडा बदलला. शेजारच्याने बघितला, बरोबर आहे म्हणाला. तो आकडा ग्राहकाच्या पावतीवर उमटायला दीड महिन्याच्या वर गेला.

हा दीड महिना कुठे गेला ते नीट सांगतो, माझं सगळं व्याख्यान त्यातच आहे. आधी चेंज रिक्वेस्टचा फॉर्म. त्यात रकाना: 'बदलाचा व्यवसायावर होणारा परिणाम'. तिने लिहिलं, 'फोन आपल्याकडे येतील'. फॉर्म परत, सविस्तर लिहा म्हणून. मग मंजुरीची मीटिंग, ती दर गुरुवारी. विषय बुधवारी दुपारच्या आत द्यायचा, आमचा संध्याकाळी गेला, म्हणजे एक आठवडा पुढे. मीटिंगमध्ये टेबलाभोवती माणसंच माणसं, यादीत ढीगभर बदल, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. एका साहेबांनी विचारलं, रोलबॅक प्लॅन काय? म्हणजे खरा नंबर चालला नाही तर दाताच्या डॉक्टरांचा परत लावायचा का? (हशा) हसू नका, तो प्लॅन आम्ही लेखी दिलाय. मग टेस्टिंगचा सर्व्हर दुसऱ्या टीमने अडवलेला. तो मोकळा होईतो तिमाहीअखेर आली, आणि तिमाहीअखेरीला फ्रीझ, कुठलाही बदल बंद. फ्रीझ उठल्यावर साचलेले सगळे बदल एकाच शनिवारी रात्री गठ्ठ्याने सोडले. त्यातल्या भलत्याच एका बदलाने पेमेंट बंद पडलं. नेमक्या कुठल्या, ते गठ्ठ्यात कळेना. म्हणून पहाटे सगळंच मागे घेतलं, आमच्या आकड्यासकट.

सोमवारी कारणमीमांसा झाली. निष्कर्ष काय निघाला असेल? मंजुरीची आणखी एक पायरी.

आता या साखळीत आळशी कोण होतं, सांगा. कोणीच नाही. फॉर्मवाल्याकडे फॉर्मांचा ढीग, टेस्टिंगवाले रात्री नऊपर्यंत बसलेले, साहेबांचं कॅलेंडर भरलेलं. माणसं सगळी कामात होती आणि काम मात्र सगळा वेळ कुणाच्या तरी दारात बसून होतं. टोयोटाच्या टाइची ओहनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. जास्तीचं उत्पादन, वाट बघणं, उगाच ने-आण, उगाच प्रक्रिया, साठा, उगाच हालचाल आणि सदोष माल. समोरच्या काकांना पाठ दिसतायत. सॉफ्टवेअरमध्ये यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतच नाही. कारखान्यात अर्धवट माल साचला तर पायात येतो. आमच्याकडे लिहून झालेला, मंजुरीत अडकलेला कोड हार्ड डिस्कवर असतो, त्याला अडखळून कोणी पडत नाही.

आणि आमचे मॅनेजर बघतात काय, तर प्रत्येक जण शंभर टक्के बिझी आहे का. आनंद नगरच्या टोल नाक्यावर लहान गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झाला. त्याआधीची रांग आठवा. बूथवरचा माणूस एक सेकंद रिकामा नव्हता, शंभर टक्के उपयोग! आणि आपण गाडीत बसून मुलुंडकडे बघत. यामागे गणित आहे. एकच खिडकी, येणारे केव्हाही येणार, कामाला कमी-जास्त वेळ लागणार, असं धरलं तर खिडकी ८० टक्के व्यग्र असताना सरासरी थांबणं कामाच्या चौपट होतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणून ज्या टीममध्ये कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नाही, तिच्याकडे दहा मिनिटांचं काम घेऊन जाऊ नका.

आता कोणीतरी म्हणणार, म्हणजे मंजुऱ्या काढून टाकायच्या? विम्याचा, बँकेचा मामला आहे, काही झालं तर? प्रश्न रास्त आहे. डोरा नावाचा एक संशोधन गट वर्षानुवर्षं हजारो आयटीवाल्यांची पाहणी करतो. त्यांना असं आढळलं की कामाबाहेरच्या समितीची मंजुरी लागते तिथे बदल उशिरा पोचतात, बिघाड दुरुस्त व्हायलाही जास्त वेळ लागतो, आणि फसणाऱ्या बदलांचं प्रमाण काही कमी होत नाही. शेवटचं वाक्य मी आमच्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. कार्यवृत्तात त्याची नोंद 'चर्चा झाली' अशी आहे.

आणि काही झालं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नाइट कॅपिटल ही शेअर दलाली फर्म. १ ऑगस्ट २०१२. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता, सातांवर चढला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडसाठी जो फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची खूण, वापरला तोच पूर्वी त्या जुन्या कोडचा होता. बाजार उघडला, फ्लॅग लागला, मेलेला कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डरी टाकायला लागला. ४५ मिनिटं चाललं हे. नुकसान ४४ कोटी डॉलरच्या वर.

हे बहुतेकांनी ऐकलं असेल, पण पुढच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, बाजार उघडायच्या आधीच त्यांच्या यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते, त्यात त्या जुन्या कोडचं नाव होतं. पण त्या ईमेलकडे धोक्याची सूचना म्हणून कोणी बघतच नव्हतं. दुसरी आणखी वाईट. घाबरून त्यांनी बदल मागे घेतला, म्हणजे ज्या सात सर्व्हरवर बरोबर कोड होता तिथून तो काढला. आता आठही सर्व्हर तोच धिंगाणा घालायला लागले. कोड चढवल्यावर दुसऱ्या कोणी तंत्रज्ञाने तपासावं, असा लेखी नियम त्यांच्याकडे नव्हता, हे चौकशीत आलं. म्हणजे तपासणी हवीच होती! पण ती सर्व्हरसमोर बसणाऱ्याने करायची किंवा यंत्राने. गुरुवारच्या टेबलावरून आठवा सर्व्हर दिसत नाही.

यंत्राने तपासायचं, ही कल्पना जुनीच. ज्यांच्या मुलाने पुढे टोयोटा मोटार काढली, त्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग केला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. मोटारी नंतर आल्या, मुलाच्या काळात. पुढे तोच नियम गाड्यांच्या लाइनवर दोरी होऊन आला. गडबड दिसली की कामगाराने दोरी ओढायची. आपल्या ठाण्यात रेमंडच्या जागेवर टॉवर उभे राहिले, माग गेले, पण... चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. बरं, रेमंडवर नंतर कधीतरी बोलू, माझा विषय आहे तो.

तर पत्रिकेवरचा विषय. पटपट घेतो. लिटल नावाच्या गणितज्ञाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम: हातातली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग म्हणजे सरासरी लागणारा वेळ. टीम आठवड्याला दहा कामं संपवते आणि साठ अंगावर घेतलीयत, तर नवं काम सहा आठवड्यांनी होणार, कितीही ओरडा. वेग लगेच वाढत नाही, पण साठाची वीस करणं आपल्या हातात असतं. मायक्रोसॉफ्टच्या हैदराबादेतून चालणाऱ्या एका दुरुस्तीच्या टीमने २००४ च्या सुमारास हेच केलं. हातातल्या कामांवर मर्यादा घातली आणि प्रत्येक विनंतीचा आगाऊ अंदाज काढणं बंद केलं, कारण अंदाज काढलेली पुष्कळ कामं पुढे होतच नसत. जिथे पाच महिने लागायचे तिथे काही आठवडे लागू लागले.

दुसरं, बदल लहान ठेवा आणि सारखे सोडा. एकच बदल सोडलेला असेल तर काय बिघडलं ते शोधावं लागत नाही. तिसरं, बिघाडानंतरच्या चर्चेत 'कोणी केलं' हा प्रश्न विचारलात की त्या दिवसापासून खरी माहिती मिळणं बंद. चौथं, गुगलने ऑपरेशन्सवाल्यांसाठी मर्यादा ठरवलीय: रोजचं तेच ते हाताने करायचं काम निम्म्या वेळापेक्षा जास्त नको, उरलेल्या वेळात ते काम कमी करणारं काम करायचं. आमच्याकडे त्या उरलेल्या वेळात गुरुवारची तयारी चालते.

तिसऱ्या रांगेतल्या काकांनी हात वर केलाय. 'सुधारणा सुचवली आणि त्यानेच माणसं कमी झाली तर?' काका, खरा प्रश्न तुम्ही विचारलात. १९५० मध्ये टोयोटा बुडायला आली होती, माणसं काढली, मोठा संप झाला आणि साकिचींच्या मुलाला, किइचिरोला, अध्यक्षपद सोडावं लागलं. त्यानंतर त्यांच्याकडे नोकरीच्या हमीला वजन आलं. आमच्याकडे बघा. एका मुलाने रोजचं दोन तासांचं काम स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने उडवलं आणि पुढच्या महिन्यात तोच बेंचवर गेला, म्हणजे प्रोजेक्टविना बसला, तर शेजारचे तिघं आपापल्या स्क्रिप्ट लपवतात. मी पाहिल्यात. माणूस सकाळी बटण दाबतो आणि संध्याकाळपर्यंत काम चाललंय असं दाखवतो. तेव्हा मॅनेजर मंडळींनी आधी लेखी द्यावं की वाचलेले दोन तास त्याचेच, पुढच्या सुधारणेसाठी, आणि मग खुशाल सूचना मागाव्यात. अध्यक्ष उभे राहिले. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी.