जॉब किती केले?

नमस्कार, श्रोतेहो. बँकेच्या फॉर्मवर ऑक्युपेशन, बायोडेटात करिअर, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ट्रेड आणि मुलाखतीत जॉब. माणूस तोच, काम तेच, पण दर ठिकाणी शब्द वेगळा. यातला कुठला कधी वापरायचा, ते आज पाहू.

आधी वर्क आणि जॉब. वर्क मोजत नाहीत, जॉब मोजतात. म्हणून ‘आय हॅव अ वर्क’ चुकीचं, ‘आय हॅव सम वर्क’ बरोबर. ‘आय हॅव अ जॉब’ मात्र चालतं, कारण नोकऱ्या मोजता येतात. पुन्हा सांगते, वर्क मोजत नाहीत, जॉब मोजतात.

आता या मोजण्यावरूनच काय झालं, ते ऐका. कळव्याचा एक मुलगा, त्याची आई आमच्या बचत गटात आहे. आयटीआयला टर्नर ट्रेड केला, मग वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवून गोल कापणाऱ्या मशीनवर लागला. रबाळ्याला एका कंपनीत मुलाखत निघाली. इस्त्रीचा शर्ट घालून, ट्रान्स हार्बरची गाडी पकडून गेला. समोर एचआरच्या बाई आणि शेजारी प्रॉडक्शनचे साहेब. बाईंनी विचारलं, ‘हाऊ मेनी जॉब्ज हॅव यू डन?’ यानं सरळ उत्तर दिलं, ‘मॅडम, छोटे बुश असतील तर शिफ्टला साठ.’ बाईंचं पेन थांबलं. वय बावीस आणि साठ नोकऱ्या?

आता लेथवरच्या माणसाला विचारा. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बांधतो तो धातूचा तुकडा म्हणजे जॉब. बुश म्हणजे असाच एक पोकळ, नळीसारखा भाग. ‘जॉब नीट बांध’, ‘जॉब खराब झाला’, हे तो दिवसभर ऐकतो. मुलाचं उत्तर बरोबरच होतं. इंग्रजीतही जॉबचा जुना अर्थ कामाचा एखादा तुकडा असाच आहे, नोकरी हा अर्थ नंतरचा. साहेब स्वतः मशीनवरून वर आलेले, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, ‘साइज किती धरतोस?’ म्हणजे मापात किती फरक राहतो. मुलगा म्हणाला, ‘वीस मायक्रॉनच्या आत, सर.’ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग मायक्रोमीटरची, म्हणजे इतकं बारीक माप घेण्याच्या साधनाची गोष्ट निघाली, टूल कधी बदलतोस तेही विचारून झालं. बाईंनीही प्रश्न बदलून घेतला, ‘किती कंपन्यांत काम केलंस?’ उत्तर आलं, ‘एका.’ आज तो मुलाखतीच्या त्याच कंपनीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. नोकरीबद्दल विचारायचं असेल तेव्हा ‘हाऊ मेनी कंपनीज हॅव यू वर्क्ड फॉर’ म्हणावं, तिथे दुसरा अर्थ निघतच नाही.

त्याच्या सर्टिफिकेटवर ट्रेड हा शब्द आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड, म्हणजे हातानं शिकलेलं कसब. डॉक्टर, वकील, सीए यांचं प्रोफेशन: लांबलचक शिक्षण, वर परवाना किंवा नोंदणी. दहावीनंतर आयटीआयचं नाव काढलं की आपल्या घरांत चेहरे पडतात, ते मला मुळीच पटत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरचे कारखाने याच हातांनी चालवले. क्लासच्या फीसाठी कर्ज काढणाऱ्या आईबापांनी एकदा आयटीआयचं वर्कशॉप आत जाऊन बघावं.

ऑक्युपेशन सगळ्यात ऐसपैस. नोकरी, धंदा, शेती, सगळं त्यात बसतं. बायकांनी या रकान्यात ‘निल’ लिहू नये, कळकळीनं सांगते. होममेकर लिहा. पहाटे डबे करण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत घर चालवणं हे ऑक्युपेशनच आहे. एम्प्लॉयमेंट म्हटलं की मात्र पगार देणारा कुणीतरी लागतो.

करिअर म्हणजे वर्षानुवर्षांची वाटचाल. ठाण्यातला जॉब सोडून महापेला दुसरा धरला, तर जॉब बदलला, करिअर तेच. लेथ सोडून हॉटेल काढलं, तर करिअर बदललं.

पुढच्या भागात वेजेस, सॅलरी आणि इन्कम. पगाराची स्लिप जवळ घेऊन बसा. नमस्कार.