भूप ऐकला, देसकार राहिला

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय 'महोत्सवाचा आठवडा आणि पुण्याची महाविद्यालये' असा आहे, आणि त्या आठवड्यात महाविद्यालयांनी नेमके काय करावे हे सांगण्यासाठीच संयोजकांनी मला बोलावले आहे. ते मी सांगणारच आहे. परंतु माझे सारे म्हणणे संगीतातल्या एका रागातून निघालेले असल्यामुळे आधी त्या रागाविषयी बोलण्याची परवानगी द्यावी.

डिसेंबरातला हा आठवडा कोणता, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. गायक सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू झाला. आज गुरू आणि शिष्य अशा दोघांचीही नावे त्याला जोडलेली आहेत. त्या दिवसांत पुण्यातली बोलण्याची भाषाच बदलते. एरवी रिक्षाच्या भाड्यावरून वाद घालणारी माणसे कुणाची तान दाणेदार आणि कुणाची गुळगुळीत यावर वाद घालू लागतात, आणि वसतिगृहातली मुले सतरंजी कुणाकडे मिळेल याची चौकशी करत हिंडतात. हा आठवडा मला प्रिय आहे, म्हणूनच त्यातली एक उणीव मला वर्षानुवर्षे टोचते आहे. या आठवड्यात आपण भूप ऐकतो, पण देसकार ऐकत नाही.

दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोघांनाही वर्ज्य आहेत. पाटीवर लिहून दाखवले तर दोहोंत भेद दिसणार नाही. गाताना मात्र भूपात गंधार वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, असतो, तर देसकारात बरोबर उलट. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, रमतो, रिषभाला मान देतो आणि गंधारावर निवांत मुक्काम करतो. देसकार पंचमावरून धैवताकडे उचलला जातो, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, अवतीभवती वावरतो आणि रिषभाला ओझरता स्पर्श करून निघून जातो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. रागांची थाटांत, म्हणजे स्वरांवर आधारलेल्या गटांत, विभागणी करणाऱ्या संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात बसवले आणि दुसऱ्याला बिलावल थाटात, यावरून ही स्वभावभिन्नता त्यांना किती मूलभूत वाटली असेल ते ध्यानात येते.

हा भेद मी प्रथम पुस्तकात वाचला होता, परंतु तो कळला रमणबागेच्या मैदानावर. त्या काळी महोत्सव रात्रभर चाले. पहाटे तीनच्या सुमारास मैदानावर गारठा उतरे, मफलर कानांवर येत, थर्मासमधला चहा अनोळखी माणसांनाही मिळे आणि झोपलेल्या मुलांच्या अंगावर कुणाच्या तरी आईची शाल पडे. अशाच एका शेवटच्या सकाळी, ऊन मांडवाच्या कनातीवर आले असताना, एका गायकाने पंचम-धैवताची संगती घेत सुरुवात केली. माझ्याशेजारी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी बसला होता. त्याला स्वर थोडेफार ओळखता येत असत. तो मला हळूच म्हणाला, "भूप आहे ना? पण इतका वेगळा का वाटतोय?" मला उत्तर सुचण्याआधीच पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मागे वळले आणि म्हणाले, "अरे, काल रात्री ऐकलास तो भूप. हा देसकार. आता गंधार विसर आणि धैवत कुठे कुठे येतो तेवढे मोज." तो मुलगा खरोखरच बोटांवर मोजू लागला. काही वेळाने त्याने मोजणे सोडून दिले आणि नुसता ऐकत राहिला. मधल्या टाळ्यांच्या वेळी त्या गृहस्थांनी पुन्हा वळून विचारले, "आला का लक्षात?" आणि त्याने नुसती मान हलवली. रागसंगीताचे याहून चांगले शिक्षण मी कोणत्याही वर्गात पाहिलेले नाही. रात्रीचा भूप कानांत ताजा असताना सकाळचा देसकार समोर आला, आणि समजावून सांगणारे माणूस हाताच्या अंतरावर होते, म्हणून ते घडले.

आता या आठवड्याची वेळ पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातल्या मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे मैफली दुपारी सुरू होऊन रात्री संपतात, आणि एखाद्या दिवशी बारा वाजतात. या नियमाविरुद्ध मला अवाक्षर काढायचे नाही. मैदानाच्या आसपास आजारी माणसे असतात, तान्ही मुले असतात, परीक्षेचा अभ्यास करणारेही असतात, आणि त्यांच्या झोपेवर कोणत्याही कलेचा हक्क पोहोचत नाही. परंतु परिणाम काय झाला, हे तर आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. भीमपलास, मुलतानी, मधुवंती, मारवा, पूरिया, यमन, भूप, बागेश्री हे सारे आपल्या वाट्याला येतात. सोहनी, ललित, भटियार, भैरव, तोडी आणि देसकार मात्र आपापल्या वेळी ऐकायला मिळत नाहीत.

यातल्या सोहनीचे उदाहरण मला अधिकच दुःख देते. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचेही स्वर एकच आहेत: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकीचे शुद्ध आणि पंचम मुळीच नाही. मारवा रिषभ-धैवतांवर उभा राहून संध्याकाळची हुरहुर लावतो, पूरिया मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात खोल उतरतो आणि सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहरात तार सप्तकात लखलखते. तिन्ही ऐकल्याशिवाय त्यांतला एकही पुरता समजत नाही, असे माझे मत आहे. आज पुण्यात शिकायला आलेला एखादा लातूरचा किंवा रत्नागिरीचा मुलगा या आठवड्यात मारवा ऐकू शकतो, पूरिया ऐकू शकतो. सोहनीसाठी त्याला मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाकडे जावे लागते, आणि तेही बहुधा तो दुपारच्या बसमध्ये ऐकतो.

येथे कुणी म्हणेल की रागसमय, म्हणजे रागाची ठरलेली वेळ, हा केवळ संकेत आहे, आणि कर्नाटक संगीतात तो इतक्या काटेकोरपणे पाळला जात नाही. ते खरे आहे. तरीही आपल्या पद्धतीत पूर्वांग-उत्तरांगाची सारी मांडणी, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळच्या संधिप्रकाश रागांतल्या कोमल रिषभाचे स्थान, आणि दिवस-रात्रीची दिशा दाखवणारा म्हणून मध्यमाला 'अध्वदर्शक' मानण्याची कल्पना, हे सगळे वेळेच्या आधाराने उभे आहे. वेळेचा अर्धा भाग काढून घेतला की उरलेल्या अर्ध्याचा अर्थही पातळ होतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र शहरातल्या एका महाविद्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. महोत्सवाच्या आठवड्यात सकाळी साडेसहा ते साडेआठ सभागृह द्यावे, एवढीच मागणी होती. आधी सांगण्यात आले की बाकांवर परीक्षेचे आसनक्रमांक चिकटवलेले आहेत. आम्ही म्हणालो, आम्ही मंचावर आणि मधल्या जागेत जाजम टाकून बसू. मग कळले की किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते आठला येतात. त्यावर आम्ही शिपायांशी स्वतः बोललो आणि ते आनंदाने तयार झाले. त्यानंतर ध्वनिक्षेपकाचा परवाना मागण्यात आला. आम्ही ध्वनिक्षेपक लावणारच नाही, असे लिहून दिले, तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी प्रामाणिक आश्चर्याने विचारले, "माइक नाही, तर कार्यक्रम कसला?" त्यांना मी दोष देत नाही. दोन तानपुरे, तबला, पेटी आणि समोर शंभर माणसे एवढ्याने मैफल होते, हे त्यांना कधी पाहायलाच मिळाले नव्हते. त्यांच्यावर चिडण्याऐवजी त्यांच्यासाठीच अशी सकाळ घडवून आणली पाहिजे, असे मला त्या दिवशी तीव्रतेने वाटले. अर्जाचे पुढे काही झाले नाही.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. नाटकाच्या मुलांना सातला तालमीसाठी हे सभागृह हवे आहे आणि त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून मुख्य मुद्दे आता भरभर मांडतो.

महोत्सवाच्या आठवड्यात महाविद्यालयांनी सकाळ आपल्याकडे घ्यावी. फर्ग्युसनचे वाडिया ॲम्फी थिएटर, स. प. महाविद्यालयाचा लेडी रमाबाई हॉल अशा जागा या गावात आहेत, आणि साडेआठला बैठक संपली तर एकही तास बुडत नाही. सत्र परीक्षेचे वेळापत्रक करताना त्या दिवसांतले पेपर अकराला सुरू करावेत. सुट्टी मागण्याची गरज नाही. बैठक ध्वनिक्षेपकाशिवाय व्हावी, कारण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेला घुमारा देणारी जुळणी, कशी लागते, ललितासाठी पहिली तार पंचमावरून मध्यमावर का आणतात आणि सोहनीसाठी ती कुठे नेतात, हे दहा फुटांवरूनच दिसते आणि ऐकू येते. तानपुऱ्यावर त्या त्या महाविद्यालयातल्याच मुली-मुलांना बसवावे. गायला मोठे नाव मिळाले नाही तरी अडू नये. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापलेला भारत गायन समाज येथे आहे, गांधर्व महाविद्यालय आहे, विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. तोडी आणि देसकार नेटाने मांडू शकतील असे गुरुजन आणि शिष्य या संस्थांत निश्चित सापडतील.

सकाळी कोण येणार, असे विचारणाऱ्यांनी दिवाळी पहाट आठवावी. अभ्यंगस्नान उरकून, नटूनथटून साडेपाचला नाट्यगृह भरणारे हेच गाव आहे. राहिला प्रश्न मध्यरात्रीनंतरच्या रागांचा. बंदिस्त सभागृहात, आतल्यांपुरता, रात्रीही ध्वनिक्षेपक वापरायला नियमांची आडकाठी नाही; विनाध्वनिक्षेपक बैठकीचा तर प्रश्नच येत नाही. तेव्हा आठवड्यातली एक रात्र एखाद्या महाविद्यालयाने दारे-खिडक्या लावून जागवावी, वसतिगृहाच्या मुलींना परतीच्या वेळेची लेखी सवलत आधीच द्यावी, आणि सोहनीपासून देसकारापर्यंत तो क्रम एकदा तरी अखंड ऐकवावा.

हे येत्या डिसेंबरात व्हायचे असेल, तर अर्ज ऑक्टोबर संपण्यापूर्वी गेला पाहिजे, कारण परीक्षेची आसनव्यवस्था त्यानंतर ठरते. अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. ज्यांच्या महाविद्यालयात सभागृह आहे त्यांनी तो घेऊन जावा, आणि ज्यांना तानपुरा लावता येतो त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत आपले नाव आणि महाविद्यालय लिहावे.