थरावर थर, जागा चार किलोबाइट

(दृश्य: काळा पडदा, अक्षरं भराभर वर सरकतात आणि गोठतात. कॅमेरा कीबोर्डवर.)

कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे असे एकदम मिचकायला लागले की समजायचं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, गेला. नेटवर्कवरून पिंग करून हाक मारली तर उत्तर नाही, माउस हलत नाही.

मशीन ३२ बिटी, लिनक्स २.६.१६. आत दोन साटा डिस्क, एमडीअ‍ॅडम या आज्ञेने रेड-१ मध्ये जोडलेल्या: एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर. या जोडीवर एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारा थर. पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट, तीन ओळींत काम झालं. त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम, आणि ते सगळं एनएफएसने, म्हणजे फायली वाटून देणाऱ्या सेवेने, नेटवर्कवर खुलं. फाइल सर्व्हर असा बांधण्यात तेव्हा गैर काहीच नव्हतं. आजही नाही. दिवसभर मशीन बिनतक्रार चालतं, आणि बॅकअप सुरू होऊन रॅम भरत आली की पडतं.

(दृश्य: प्रोकमधली एमडीस्टॅट फाइल, चौकटी कंसात दोन यू.)

हे दोन यू म्हणजे दोन्ही डिस्क जागेवर आहेत. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलचा अहवाल स्वच्छ. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टमध्येही एक चूक नाही. या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी तरीही डिस्क बदलल्या जातात. बदलू नका.

(दृश्य: नल मोडेम केबल, नऊ पिनांचं टोक सिरियल पोर्टमध्ये बसतं.)

आधी ही केबल लावा. पडताना कर्नल जे बोलतो ते लॉग फाइलीत सापडत नाही, कारण ती फाइल लिहायची म्हणजे ज्या वाटेवर अपघात झाला त्याच वाटेने जायचं. बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस-झिरो द्या, वेग १,१५,२००. दुसऱ्या टोकाला कुठलाही जुना लॅपटॉप चालतो.

(दृश्य: तीन ट्रेस शेजारी शेजारी.)

मशीन तीनदा पडलं. ट्रेस म्हणजे पडताना कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली होती त्याची यादी, शेवटची हाक सगळ्यात वर. पहिल्या ट्रेसमध्ये सगळ्यात वर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, दुसऱ्यात स्कझीचा थर (साटा डिस्कशी लिनक्स याच थरातून बोलतो), तिसऱ्यात पत्ताच निरर्थक. वरचं नाव बघून शोध घेतला तर तीन दिवस तीन दिशांना जातात. वरचं नाव सोडा, लांबी बघा. खालून वाचत या: एनएफएसडी (एनएफएसचा सर्व्हर), एक्सएफएस, डिव्हाइस मॅपर (एलव्हीएमचा कर्नलमधला भाग), रेड-१, स्कझी. एका ट्रेसमध्ये तर मध्येच मेमरी कमी पडलीय, ती मोकळी करायला कर्नल निघालाय, आणि त्यासाठी पुन्हा एक्सएफएसच्याच दारात उभा आहे. एकाच साखळीत एक्सएफएस दोनदा.

(दृश्य: रजिस्टरांची ओळ. बोट ईएसपीवर थांबतं.)

स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांचा पसारा ठेवायची कर्नलची ठरावीक जागा, आणि ती कुठवर भरली ते ईएसपी हे रजिस्टर सांगतं. आता ईएसपीचे शेवटचे तीन अंक. ते ०ए४ असतील, तर षोडशमानातून दशमानात १६४. स्टॅक वरून खाली भरतो, म्हणजे तळापासून १६४ बाइट उरले. त्या तळाशीच थ्रेड-इन्फो नावाची, चालू कामाची ओळख सांगणारी पन्नासेक बाइटांची नोंद बसलेली असते, ती वजा करा. हातात शंभरेक बाइट. पुढचं एखादं फंक्शन आलं की ते त्या नोंदीवरच लिहितं, आणि मग कर्नलला आपण कुठलं काम करत होतो तेही कळेनासं होतं. दर वेळी नवा गुन्हेगार दिसतो तो यामुळे. कर्नल बांधताना स्टॅक-ओव्हरफ्लोची तपासणी चालू ठेवली असेल, तर त्याआधी इशारा येतो: डू-आयआरक्यू, स्टॅक ओव्हरफ्लो, आणि पुढे उरलेले बाइट.

पूर्ण स्टॅक केवढा? ४ किलोबाइट, म्हणजे मेमरीचं एक पान. आधी ८ होता, पण त्याला लागून असलेली दोन पानं लागतात, आणि खूप दिवस चाललेल्या मशीनवर तशी जोडी मिळणं कठीण. म्हणून २००४ मध्ये ४ चा पर्याय आला, आणि फेडोरा या लिनक्स वितरणाने तो चालूच ठेवला. हिशोब चुकीचा नव्हता. फक्त त्यात हे थर धरलेले नव्हते. इथे प्रत्येक थर खालच्याला हाक मारतो आणि उत्तर येईपर्यंत आपला पसारा स्टॅकवर मांडून बसतो.

(दृश्य: मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नल बांधण्याआधीचा पर्यायांचा मेन्यू; त्यातलं कर्नल हॅकिंगचं पान.)

बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलीत ४केस्टॅक्स शोधा. समोर वाय असेल तर इथे येऊन तो काढा, कर्नल पुन्हा बांधा. कुठलं फंक्शन स्टॅकवर किती जागा खातं ते बघायचं असेल तर सोर्सच्या फोल्डरमध्ये मेक चेकस्टॅक चालवा. सोर्स हातात आहे म्हणूनच हे बघता येतं.

मुळावरचा इलाज एमडी, म्हणजे कर्नलमधला रेडचा भाग, तेव्हा सांभाळणाऱ्या नील ब्राउन यांनी केला, तो २००७ च्या २.६.२२ मध्ये आला. डिव्हाइस मॅपर, रेड अशा डिस्कच्या थराने खाली हाक मारायचीच नाही. विनंती यादीत टाकायची आणि परत फिरायचं. सगळ्यात वरचा लूप यादीतून पुढची विनंती उचलतो. थर पाच असोत की दहा, त्यांचे पसारे स्टॅकवर एकावर एक चढत नाहीत. यादीत अडकलेल्या विनंत्यांपायी मशीन गोठण्याचे नवे प्रकार त्यातून निघाले, तो निराळा विषय.

(दृश्य: डिस्कचा दिवा अखंड पेटलेला.)

दर पडण्यानंतर आरसा, म्हणजे रेड-१ची जोडी, पहिल्यापासून जुळवला जातो, आणि शेवटी लिहिलेल्या काही फायली शून्यांनी भरलेल्या निघतात.

(दृश्य: नवा कर्नल, तेच बॅकअप. सिरियल कन्सोल.)

स्टॅक-वापराची नोंद चालू ठेवून बांधलेला कर्नल असेल, तर कीबोर्डवर सिस-रिक्वेस्ट (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) आणि टी दाबा. प्रत्येक कामापुढे त्याच्या स्टॅकमध्ये आजवर कमीत कमी किती बाइट शिल्लक राहिले तो आकडा येतो. एनएफएसडीची ओळ शोधा.